दुसरा थेंब

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाओ सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि बस न म्हणताच सांगून टाकलं, की लौ मिस्त्रींचा लाकडी टब घडवायचा वर्ग आता एका टबावर टिकून आहे. जानेवारीत हांगझौहून परीक्षक येणार, शेवटच्या वर्षाची कामं बघणार. मिस्त्रींच्या वर्गातला टब त्यांच्यासमोर पाणी धरून उभा राहिला तर वर्ग आणखी तीन वर्षं चालेल. गळला तर खोली रिकामी करायची. तिथे छपाईची नवी यंत्रं यायची होती, तारखेसकट ठरलेलं.

"झुओ, तुझा म्हातारा फार गोड माणूस आहे," बाओ सर म्हणाले. "पण गेल्या वर्षी पालकांसमोर त्यानं बादली भरली आणि पाणी थेट संचालकांच्या बुटात. वारसा वारसा म्हणून मी किती दिवस बूट पुसू?"

मला हसू येत होतं, पण ते गिळलं. बाओ सर आमचे विभागप्रमुख, आणि त्यांच्या विनोदावर हसलं की त्यांना आपण कबूल झालो असं वाटतं.

मी या संस्थेत सोळा वर्षं प्रॉडक्ट डिझाइन शिकवते. किटल्या, दिवे, खुर्च्या, म्हाताऱ्यांच्या काठ्या. या गोष्टीच्या चार वर्षं आधी वरून हुकूम आला, की अभ्यासक्रमात आपला सांस्कृतिक वारसा दिसला पाहिजे. आमच्याकडे आठवड्याभरात दिसायला लागला. मोबाइलच्या कव्हरवर ड्रॅगन, पेनड्राइव्हवर ढग, मगाच्या झाकणाला राजवाड्याचं छप्पर. बत्तीस मुलांनी बत्तीस ड्रॅगन काढले आणि मी अशी भडकले की खडू फेकून वर्गाबाहेर पडले. त्याच शनिवारी बाजारात प्लास्टिकच्या बादल्यांचं एक दुकान दिसलं. बादल्यांच्या उतरंडीमागे एक म्हातारा बसून लाकूड तासत होता.

"घ्यायचंय काही?" त्यानं मान वर न करता विचारलं. "पुढं माझा पोरगा विकतो ते शंभर वर्षं कुजत नाही. मागं मी करतो ते दहा वर्षं कुणी घेत नाही. काय देऊ?"

ते लौ बाओगन, त्यांनाच मी पोरांना शिकवायला संस्थेत आणलं. तेव्हा सदुसष्टचे होते. माझ्याहून बुटके, कानावर पेन्सिल, दुपारी जेवताना वाटीभर पिवळी तांदळाची दारू, आणि जेवणात वाळवलेल्या मोहरीच्या पाल्याबरोबर शिजवलेलं डुकराचं मांस नसेल तर दिवसभर कुरकूर. तेराव्या वर्षी बापाच्या हाताखाली लागले. खांद्यावर कावड, एका बाजूला हत्यारांची पेटी, दुसऱ्या बाजूला बांबू. गावोगाव हाळी देत हिंडायचे. कुणाकडे मुलीचं लग्न ठरलं की महिनाभर त्यांच्याच अंगणात मुक्काम. अंघोळीचा टब, पाय धुण्याचा टब, तांदळाचं पिंप, आणि शेवटी तांबडा रंग दिलेला एक छोटा झाकणाचा टब. नवरीबरोबर तो सासरी जायचा आणि पहिलं बाळंतपण त्यातच व्हायचं.

"सगळ्या पंचक्रोशीला पहिल्यांदा मीच धरलंय," मिस्त्री पोरांना सांगायचे. "सुईण दुसरी."

पोरं हसायची. मग ते गंभीर व्हायचे. मूल ज्यात उतरायचं ते गळून चालेल का, असं विचारायचे, आणि उत्तराची वाट बघत खरंच थांबायचे.

त्यांचं शिकवणं म्हणजे छळच. त्यांचा रंधा माणसाएवढा लांब, उलटा टेकवून ठेवलेला. त्याच्यावर फळी ढकलायची, रंधा हलवायचा नाही. पहिला महिना तेवढंच. आराखडा काढू देत नसत. "कागद पाणी धरत नाही," एवढंच उत्तर. फळ्या एकमेकींना बांबूच्या खिळ्यांनी जोडायच्या, बाहेरून आवळून धरणारी तांब्याची गोल कडी, खाली बूड खाचेत बसवलेलं. लोखंडी खिळा नाही, गोंद नाही. नवा टब पहिल्यांदा भरला की गळतोच. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि आपल्या फटी आपणच मिटवतं. त्याला एक रात्र द्यायची. सकाळी खाली बोट फिरवायचं, कोरडं निघालं की टब पालथा करून तापल्या लोखंडानं बुडावर आपल्या आडनावाचा शिक्का मारायचा. कोरडं नाही निघालं तर शिक्का नाही. चार वर्षांत पोरांच्या अकराच टबांवर त्यांनी शिक्का मारला होता. बाकीचे सरपणात.

त्या वर्षीचा टब रुओलानचा होता. गे रुओलान, शेवटच्या वर्षाची, बोलायला तुटक आणि हातानं चिवट. तिचे वडील शहर बसवर ड्रायव्हर. संध्याकाळी पाय सुजून भोपळे होतात, आणि गुडघा वाकत नाही म्हणून उंच टबात पाय टाकता येत नाही. म्हणून तिनं एका बाजूनं खाली उतरलेला टब करायचा ठरवला. मिस्त्रींनी बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"हे काय? भूकंपात बसला का टब?"

"मिस्त्री, बाबांचा पाय वर येत नाही."

"बापाचा पाय येत नाही म्हणून टबानं बसायचं? अगं, कडी तिरकी बसली की निसटते. पन्नास वर्षं मी काय झोपा काढल्या?"

दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच आले, कानावरची पेन्सिल काढली आणि फळीवर बारीक पायरी आखून दाखवली. कडी तिच्यावर टेकली की निसटणार नाही. एवढ्या वर्षांत त्यांना हे सुचलं नव्हतं, कारण कुणी मागितलंच नव्हतं. त्या दिवशी त्यांनी दारूची वाटी दोनदा भरली. मला वाटलं, ड्रॅगन काढून टाकून मी जे शोधत होते ते हेच. मी फार खूश होते, तेही इथं लिहून ठेवते.

तिसऱ्या प्रयत्नात टब झाला. रात्रभर पाणी धरलं. मिस्त्री शिक्का मारणार तेवढ्यात बाओ सरांचा निरोप आला, की परीक्षेआधी तीन दिवस सगळी कामं सभागृहात मांडायची आहेत, पत्रकार येणार, लगेच पाठवा. शिक्का परीक्षकांसमोरच मारा, फोटो चांगला येईल.

मिस्त्री सभागृहात गेले तेव्हा मी बरोबर होते. पांढरा चौथरा, वरून चार दिवे, आणि गरम हवेचं यंत्र भिंतीवर घरघरत होतं. आमच्या कार्यशाळेत जानेवारीत बोटं वळत नाहीत, आणि इथं लोक कोट काढून हिंडत होते.

"यात पाणी भरून ठेवा," मिस्त्री म्हणाले.

"पाणी? खाली लाकडी फरशी आहे," बाओ सर म्हणाले.

"तर मग ओलं फडकं घाला. या शेकोटीत तो तीन दिवसांत सुकून फाटेल. टब आहे तो साहेब, नवरी नाही, मांडून ठेवायला."

"तीन दिवस हो! तीन दिवस सांभाळता येत नसेल, तर विकणार कसा हा?"

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "तीनच दिवस आहेत मिस्त्री." माझी पहिली चूक ती, पण तेव्हा ती चूक वाटली नाही, शहाणपणा वाटला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला टब कार्यशाळेत परत आणला. कडी हातानं फिरत होती. मिस्त्रींनी लाकडी ठोकळा टेकवून ती ठोकून खाली बसवली आणि टब भरला. बुडातून सरळ धार लागली, चारही बाजूंनी. रुओलान भिंतीला टेकून उभी राहिली.

"रडू नको. त्याला तीन दिवसांची तहान लागलीय," मिस्त्री म्हणाले. "पिऊ दे. उद्या सकाळपर्यंत तोंड मिटेल. आणि कुणी हात लावायचा नाही." शेवटचं वाक्य ते माझ्याकडे बघून म्हणाले, का मला आता तसं वाटतं, सांगता येत नाही.

मी सकाळी सहाला कार्यशाळा उघडली. दिवा लावला. टब भरलेला होता, आणि त्याच्याखाली हे एवढं थारोळं. थारोळ्याभोवती फरशीवर खडूची एक वेडीवाकडी रेघ होती. पोरं काहीतरी गिरगटतात नेहमी. मी वाकून टबाखाली बघितलं. बुडाच्या कडेला पाणी जमलं, मोठं झालं आणि एक थेंब टपकन खाली पडला.

परीक्षा साडेनऊला. मनात बाओ सरांचे बूट, छपाईची यंत्रं, मिस्त्री दुकानाच्या मागच्या बाजूला पुन्हा एकटे तासत बसलेले. खोलीतला तो लांब रंधा कुठे ठेवणार, असला विचारसुद्धा आला. शेजारच्या कपाटात मॉडेल चिकटवायच्या पारदर्शक गोंदाच्या नळ्या होत्या. पाण्यात टिकतो, तीन तासांत धरतो, असं वर लिहिलेलं.

मी टब उपडा करून पाणी मोरीत ओतलं. फडक्यानं टिपला. पोरांचा केस वाळवायचा ड्रायर होता, तो अर्धा तास आत फिरवला. मग बूड जिथं फळ्यांना भिडतं तिथं आतून गोंदाची एक बारीक रेघ सोडली, बोटानं दाबत दाबत पूर्ण गोल फिरवली. माझा हात चांगला आहे. सोळा वर्षं मॉडेल केली आहेत. दिसायला काही दिसत नव्हतं. शेवटी फरशी पुसली, थारोळं, खडू, सगळं.

साडेआठला मिस्त्री आणि रुओलान एकदमच आले. मिस्त्रींच्या ओठांना तेल लागलेलं, कोपऱ्यावर तळलेल्या पिठाच्या कांड्या खाऊन आलेले. टब रिकामा बघून ते दारातच थांबले.

"बाई, थांबलं?" रुओलाननं विचारलं.

"थांबलं," मी म्हणाले. "उचलायला हलका व्हावा म्हणून ओतून टाकलं पाणी."

पोरगी कधी हसत नाही, ती हसली. मिस्त्री सावकाश पुढे आले. टबावर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं. मग आत हात घातला आणि बुडाच्या कडेनं बोट फिरवायला लागले. अर्धा फेरा झाल्यावर बोट थांबलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी नजर फिरवली नाही, तेवढा निलाजरेपणा माझ्यात होता. रुओलान आपल्याच नादात टबाला उचलायचे पट्टे लावत होती. मिस्त्रींनी बोट कमरेच्या फडक्याला पुसलं आणि टबाची दुसरी बाजू उचलली.

सभागृहात पाच परीक्षक. त्यांच्या प्रमुख यिंग बाई, पिकलेले आखूड केस, हातात टॉर्च. बाकीचे चौघे खुर्च्यांत बसले, या खाली गुडघ्यावर. चौथऱ्यावर त्यांनी टबाखाली टिपकागद पसरला. रुओलाननं किटल्यांनी कोमट पाणी ओतायला सुरुवात केली. बाओ सर दोन पावलं मागे सरकून उभे राहिले.

पंधरा मिनिटं ठेवायचं ठरलं. मी टिपकागदाकडे बघत होते. गोंद सुटला तर आत्ताच सुटेल, कोमट पाण्यात. कोपऱ्यात मिस्त्री हातावर हात ठेवून उभे होते, आणि ते टबाकडे बघतच नव्हते. रुओलानकडे बघत होते. ती सांगत होती, लाकूड कसं पाणी पितं, कसं फुगतं, फट कशी आपोआप मिटते. चार वर्षांत तिला एवढं सलग बोलताना मी ऐकलं नव्हतं. बाबा बस चालवतात, हेसुद्धा तिनं सांगितलं.

पंधरा मिनिटं झाली. यिंग बाईंनी टिपकागद उचलला, दिव्यासमोर धरला. कोरडा ठणठणीत. कुणीतरी टाळी वाजवली. यिंग बाईंनी हात वर करून ती थांबवली.

"हा इथं तीन दिवस सुकत होता ना?" त्यांनी विचारलं. "माझे मामा हेच काम करायचे. सुकलेला टब एका रात्रीत बराच मिटतो, पण सकाळी थोडा घाम येतोच त्याला. हा तर अगदी कोरडा आहे." मग त्या वळल्या. "मिस्त्री, गोंद नाही ना?"

रुओलान मिस्त्रींकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. उत्तर तिला माहीत होतं, आणि ते मिस्त्रींच्या तोंडून चारचौघांत ऐकायला ती उत्सुक होती.

"नाही," मिस्त्री म्हणाले.

"मग मारा शिक्का. फोटो काढू."

"लोखंड घरी राहिलं."

लोखंड त्यांच्या पिशवीत होतं. ते कायम पिशवीतच असायचं, आणि पिशवी त्यांच्या पायाशी होती. यिंग बाईंनी एकदा पिशवीकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, आणि वहीत काहीतरी लिहिलं. त्या काय समजल्या मला माहीत नाही. दुपारी निकाल लागला. रुओलान पहिली. वर्ग तीन वर्षांसाठी मंजूर.

"बूट कोरडे!" बाओ सरांनी पाय वर करून मला दाखवला. या वेळी मी हसले.

संध्याकाळी कार्यशाळेत गेले तर मिस्त्री हत्यारं पुसून पेटीत भरत होते. मी दार लोटून घेतलं.

"किती वाजता लावलंत?" त्यांनी विचारलं.

"सहाला. मिस्त्री, गळत होता. थारोळं होतं खाली. तुमचा वर्ग गेला असता."

"मी पहाटे चारला माझ्या किल्लीनं उघडून बघून गेलो होतो. तेव्हाचंच थारोळं. त्याच्याभोवती खडूनं रेघ मारून गेलो, वाढतंय की नाही बघायला. रेघ ओलांडली होती का पाण्यानं?"

मी आठवून बघितलं. रेघ कोरडी होती. पाणी रेघेच्या आत होतं, चांगलं दोन बोटं आत, कारण कडेनं ते सुकायला लागलं होतं.

"पण थेंब पडला," मी म्हणाले. "माझ्या डोळ्यांसमोर पडला."

"एक."

"हो, एक."

"दुसरा पडेपर्यंत थांबलात?"

मिस्त्रींनी पेटीचं झाकण लावलं. चिडले असते तर बरं झालं असतं. मी भांडायला तयार होते. वर्ग वाचवला म्हणून सुनावायलाही तयार होते.

"मी मोजत बसलो होतो," ते म्हणाले. "एका थेंबानंतर दुसरा पडेपर्यंत माझी एक अख्खी सिगारेट ओढून झाली. साडेआठपर्यंत मिटला असता. मागे राहिलेला थोडा घाम तुमच्या त्या बाईंनी ओळखलाच असता, आणि खूश झाल्या असत्या." मग म्हणाले, "सगळ्या जन्मात टबाबद्दल खोटं बोललो नव्हतो. आज बोललो. तुमच्यासाठी नाही. पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती म्हणून."

"मिस्त्री, तीन वर्षं मंजूर झालीत. आता कुणी बंद करणार नाही. पुढच्या वेळेस आपण—"

"बाई, मी पोरांना टब शिकवत नव्हतो. थांबायला शिकवत होतो. टब काय, पोरगा प्लास्टिकचे विकतो." त्यांनी कावडीसारखी पेटी खांद्यावर टाकली. "पोरीला तुम्ही सांगा. मला ते जमणार नाही."

रंधा तेवढा राहिला. एकट्यानं उचलण्यासारखा नाही तो.

दुसऱ्या दिवशी मी रुओलानला बोलावून सांगितलं. सगळं, वेळेसकट. तिनं टब आडवा केला, आत हात घालून नखानं ती पारदर्शक रेघ शोधली आणि शेवटपर्यंत चाचपत गेली. मी म्हणाले, की निकाल तुझाच आहे, काम तुझंच आहे, मी बाओ सरांना जाऊन सांगते, हवं तर. त्यावर तिनं नको म्हणून मान हलवली.

"सरांचं काय," ती म्हणाली. "माझा टब धरतो की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही."

"मिस्त्री म्हणतात, धरला असता. साडेआठपर्यंत."

"ते त्यांना कळलं," ती म्हणाली. "मला नाही ना."

गोंद खरवडून काढता येत नाही. लाकडाच्या आत गेलेला असतो. मला ते माहीत होतं आणि तिलाही.

वर्ग चालू आहे. वीस मुलं आहेत यंदा. मिस्त्रींना आणायला मी दोनदा दुकानापर्यंत गेले. दोन्ही वेळा मुलगा म्हणाला, आत आहेत, बोलावू का, आणि दोन्ही वेळा मी एक प्लास्टिकची बादली घेऊन परत आले. रुओलान आता शहरात एका कारखान्यात काम करते. नव्या वर्षाला तिचा फोन येतो. गेल्या खेपेला मी टबाचं विचारलं. म्हणाली, बाबांना फार आवडलाय, रोज संध्याकाळी पाय बुडवून बसतात, शेजाऱ्यांना बोलावून दाखवतात.

"अजून एक थेंब गळला नाही, बाई," ती म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.